मेव्हण्याच्या हातातली दोरी

माझ्या मामाला पोहता येत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण बंदरावर पाणबुड्यांच्या होडीत बावीस वर्षं काढलेला माणूस म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कुणीतरी रुंद छातीचा, सुळकन पाण्यात शिरणारा गडी उभा राहतो. मामा तसा नाही. तो बुटका आहे, पोट तरुणपणापासून जरा पुढे, आणि गुडघाभर पाण्यात उभं राहायची वेळ आली तरी आधी हाताला काही धरायला मिळतंय का ते शोधतो. पाण्यात उतरायचे ते माझे बाबा. मामा वर होडीत उभा राहून त्यांची दोरी धरायचा. एवढंच त्याचं काम. ते त्याच्याइतकं चांगलं करणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही, हेही आधीच सांगून टाकते.

आमच्या बंदरावरच्या पाणबुड्यांत एक रीत होती. दोरी धरायला शक्यतो मेव्हणा घ्यायचा, म्हणजे बायकोचा भाऊ. सख्खा भाऊ नको, मित्र तर नकोच. जुनेजाणते म्हणायचे, भावाभावांत आज ना उद्या वाटणीवरून वाजतं, मित्राचं लक्ष उडतं, पण मेव्हणा दोरी धरतो ती बहिणीचा संसार डोळ्यांपुढे ठेवून. त्याला डुलकी लागायची नाही. म्हणून पाणबुड्याचं लग्न ठरवताना मुलीच्या आधी तिचा भाऊ बघतात, अशी बंदरावर चेष्टा चालायची. बाबा तर चारचौघांत सांगायचे, "मी दोरीवाला पसंत केला. त्याच्याबरोबर ही आली." यावर आई हातात असेल ते भांडं आपटायची, पण तिला राग आलेला नसायचा. मामा तिच्याहून चार वर्षांनी लहान. त्याला तिनं कडेवर खेळवला होता. नवरा खाली पाण्यात असला की शेजारणी विचारायच्या, भीती नाही वाटत का गं? आई म्हणायची, "माझ्या भावाच्या हातात आहेत ते. भीती कसली?"

सुट्टीच्या दिवशी मी डबा घेऊन धक्क्यावर जायची आणि दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसून सगळं बघायची. आताच्या मुलांना ते सांगून खरं वाटत नाही. बाबांना पोशाख चढवायला दोन माणसं लागायची. जाड रबरी कापडाचा अंगरखा आणि विजार एकसंध, त्याला गळ्याकडून आत शिरायचं. मग छातीवर शिशाच्या वजनांचा पट्टा, पायांत शिशाच्या तळाचे बूट. त्या बुटांनी ते होडीच्या कडेपर्यंत चालत जायचे तेव्हा फळ्या कुरकुरायच्या. शेवटी तांब्याचा टोप. तो डोक्यावर ठेवून पिळून बसवला, की काचेच्या गोल खिडकीतून बाबांचं फक्त नाक आणि मिशा दिसायच्या. मी हात हलवायची. ते कधी बघायचे, कधी नाही. मग दोन पंपवाले समोरासमोर उभे राहून चाक फिरवायला लागायचे, नळीतून हवा जायची, आणि बाबा शिडीवरून एकेक पायरी करत पाण्याखाली जायचे. वर फक्त बुडबुडे उरायचे. त्या पोशाखाचा वास, रबर, खारं पाणी आणि मशीनचं तेल मिळून झालेला, अजून कुठे आला की मला एकदम दहा वर्षांची झाल्यासारखं होतं.

बुडबुडे आले की सगळे त्यांच्याकडे बघत. मामा बघायचा नाही. तो आपला होडीच्या कडेला पाय रोवून उभा, मान थोडी खाली, दोरी उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि पहिल्या दोन बोटांत, वैद्यानं नाडी धरावी तशी. ऊन असो, वारा असो, दोन-दोन तास जागचा हलायचा नाही. म्हणून बंदरावर त्याला 'खुंटा' म्हणत. त्या उजव्या हाताला तो फार जपायचा. चहाचा पेला डाव्या हातानं धरायचा, नखं दर दोन दिवसांनी कापायचा, आणि कितीही थंडी असली तरी मोजा घालायचा नाही. आमच्या घरी आला की आई त्याला गरम भांड्याला हात लावू द्यायची नाही. "बोटं भाजून घेशील आणि माझा नवरा बुडवशील," म्हणायची. सगळे हसायचे. मामानं लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "एकाची दोरी धरून हात भरलेत. दुसरी कुठे धरू?"

दोरीची भाषा मला तोंडपाठ होती. खालून एक झटका म्हणजे ठीक आहे. दोन म्हणजे ढील दे. तीन म्हणजे काम झालं, वर घे. पण वर घ्यायचं ते हळूहळू, ठरलेल्या खोलीवर थांबत थांबत, मामाच्या मनगटावरच्या घड्याळानं मिनिटं मोजत. खोल पाण्यात माणसाच्या रक्तात हवा मुरते. त्याला घाईनं वर आणलं की ती बुडबुडे होऊन अंगात फुटते आणि माणूस कायमचा अधू होतो, नाहीतर जातो. आणि चार झटके म्हणजे जिवावर बेतलंय, थांबे-बिंबे काही नको, आत्ताच्या आत्ता ओढ. हे चार बाबांनी बावीस वर्षांत कधी दिले नव्हते.

ठरलेल्या भाषेपलीकडे त्या दोघांची आणखी एक भाषा होती. ती कुणी शिकवली नव्हती. घरी आल्यावर मामा म्हणायचा, "भाऊजी, आज तिसऱ्या फेरीला तुम्ही वैतागला होतात." बाबा म्हणायचे, "हो रे, साखळीचा अंकुडाच बसेना. पण मी तर एकच दिला, ठीक आहे म्हणून." मामा म्हणायचा, "दिलात, पण नाइलाजानं दिलात." एकदा बाबांना खाली शिंका येत होत्या तेही त्यानं वर सांगितलं होतं. पंपवाल्यांना वाटलं फेकतोय. टोप काढला तर बाबांचं नाक लालभडक!

आता त्या दिवसाचं. त्याला छत्तीस वर्षं झाली. मी एकवीस वर्षांची होते, पोस्टात नुकतीच लागले होते.

बंदराच्या तोंडाशी एक मालवाहू बोट बुडाली होती. चाळीस मीटर पाण्यात, एका कुशीवर. तिच्या कोठारातला माल वर काढायचं काम दोन आठवडे चाललं होतं. बाबा कोठाराच्या तोंडाशी उभे राहून पेट्यांना साखळ्या अडकवत. त्या दिवशी ते खाली जाऊन पाऊण तास झाला होता. एकाएकी मामानं ओरडून पंपवाल्यांना जोर लावायला सांगितलं आणि दोरी ओढायला लागला. मुकादम धावत आला, तोपर्यंत दोरी ओढून ओढून मामाचे हात सोलवटले होते. एकही थांबा न घेता बाबांना वर आणलं. शिडीवर ते नीट उभे होते. टोप काढायच्या आधीच मुकादमानं विचारलं, "काय झालं? का ओढलंस?" आणि मामा म्हणाला, "माझी चूक. प्रवाहाचे हिसके बसले, मला ते चार झटके वाटले."

बाबांना तासाभरात कळा सुरू झाल्या. मोठं इस्पितळ लांब होतं. तिथे पोचेपर्यंत उजवा पाय लुळा पडला होता, डाव्यात अर्धीच ताकद उरली होती. बाबा तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. तेव्हापासून ते कुबड्यांवर आहेत.

चौकशी झाली. मामानं तेच सांगितलं, तसंच लिहिलं गेलं. त्याला दोरीवरून काढून दोरखंडांच्या कोठारात टाकलं. तिथे तो निवृत्त होईपर्यंत तुटलेले दोर सांधत बसला. 'खुंटा' हे नाव गेलं. पोरंटोरं त्याला 'ओढ्या' म्हणायला लागली. मी पोस्टाच्या खिडकीत बसलेली असायची. रांगेतली माणसं आपसात बोलायची, तो ओढ्या मेव्हणा, बहिणीचा संसार हातात होता तरी... मी मान खाली घालून तिकिटं मोजायची. एकदाही म्हटलं नाही की तो माझा मामा आहे. याची मला आज लाज वाटते.

आईनं मामाशी बोलणं टाकलं.

भांडण झालं नाही, आरडाओरडा नाही. इस्पितळाच्या व्हरांड्यात मामा तिच्यासमोर येऊन उभा राहिला, "ताई" म्हणाला, आणि ती त्याच्या बाजूनं निघून गेली. एवढंच. मला वाटलं, राग आहे, ओसरेल. पण आईचा राग हा आईचाच राग. तो मुरत गेला. बाहेरच्या कुणी नवऱ्याला अधू केलं असतं तर तिनं कदाचित माफ केलं असतं. हा तिचा भाऊ होता, आणि त्याच्यावर ती बावीस वर्षं निर्धास्त झोपली होती.

गंमत अशी की बाबांनी मामाला तोडलं नाही. इस्पितळातून आल्यावर पहिल्याच रविवारी त्यांनी मामाला बोलावणं पाठवलं. तेव्हापासून दर रविवारी दहा वाजता मामा येतो, बाबांची दाढी करतो, मग दोघं पत्ते खेळतात. सगळ्या ओळखीपाळखीत बाबांचं नाव झालं. काय मोठ्या मनाचा माणूस! ज्यानं पाय घेतले त्याच्यापुढे गळा धरतो, वस्तरा फिरवू देतो! मीसुद्धा लेकीला हेच सांगून वाढवलं. कुणी तोंडावर कौतुक केलं की बाबा खिडकीबाहेर बघायला लागायचे. आम्हाला वाटायचं, हा त्यांचा विनय.

रविवारी आमच्या घरात जे चालायचं त्याला तमाशा म्हणावं की काय ते मला कळत नाही. मामा पुढच्या खोलीत, आई स्वयंपाकघरात. चहा तयार झाला की आई भिंतीला सांगायची, "चहा गार होतोय म्हणावं." मामा पत्त्यांतून मान वर न करता म्हणायचा, "साखर कमी आहे म्हणावं." "डॉक्टरनं कमी सांगितलीय, ठाऊक असेल म्हणावं." असा संवाद भिंतीशी, मांजराशी, माझ्याशी, पुढे माझ्या लेकीशी. नवरा वारल्यावर मी तिला घेऊन माहेरी आले तेव्हा ती तीन वर्षांची होती. मामाआजोबा आणि आजी यांच्यामध्ये निरोप नेणं हा एक खेळच आहे, असं तिला कितीतरी वर्षं वाटत होतं. एकदा मामा छातीच्या दुखण्यानं महिनाभर पडून होता. आईनं रोज दोन वेळा माझ्या हाती डबा धाडला. परत आले की झाकण उघडून बघायची, किती खाल्लंय. एकदा मी चिडून म्हटलं, "एवढं आहे तर स्वतः जा ना! दहा मिनिटांची वाट आहे." ती म्हणाली, "माझे गुडघे दुखतात." त्याच संध्याकाळी ती त्याच्या दुप्पट लांबच्या बाजारात चालत जाऊन आली.

माझी लेक पाणबुडी झाली. हे कुणाच्या रक्तातून आलं ते विचारू नका. बाबांच्या, दुसरं काय. मी खूप आदळआपट केली, आजीनं दोन दिवस जेवण सोडलं, पण पोरीनं ऐकलं नाही. तिचा पोशाख दोन मिनिटांत चढतो. पाठीवर हवेची टाकी, अख्खा चेहरा झाकणारा मुखवटा, त्यात बोलायला फोन, कपाळावर दिवा आणि कॅमेरा. वर एकजण पडद्यासमोर खुर्चीत बसून सगळं बघतो. पहिल्यांदा तिनं आम्हा सगळ्यांना बंदरावर नेऊन दाखवलं तेव्हा बाबा लहान मुलासारखे हरखून गेले. टाकी उचलून बघितली, मुखवटा तोंडाला लावून बघितला. मामा मात्र त्या पडद्यापुढच्या माणसाकडेच बघत होता. नंतर मला हळूच म्हणाला, "त्याचे दोन्ही हात मोकळे आहेत गं."

आणि मागच्या महिन्यात तेच झालं. गोदीतला गाळ ढवळला गेला, कॅमेऱ्यात काही दिसेना, फोनही बंद पडला. लेकीच्या कमरेला नियमाप्रमाणे दोरी होती. तिनं दोन झटके दिले, ढील दे म्हणून. वरचा गृहस्थ बंद पडलेल्या पडद्याच्या वायरी हलवत बसला होता. त्यानं दोरी कठड्याला बांधून ठेवली होती! बारा मिनिटं पोरगी खाली अंधारात अडकून पडली. आपली आपण सुटून वर आली, ती त्या माणसाच्या अंगावरच गेली म्हणे.

त्या रविवारी ती मामासमोर येऊन बसली. "मामाआजोबा, आमच्या सगळ्यांना दोरी शिकवा. मी साहेबांशी बोललेय."

"मी दोरी धरत नाही," मामा पत्ते पिसत म्हणाला.

"धरू नका. शिकवा."

"चौकशीचा कागद आहे माझ्या नावावर. तुझ्या साहेबांना तो काढून वाचायला सांग."

"तुम्ही एकदा चुकलात. मान्य. पण बावीस वर्षं बरोबर होतात ना?"

बाबांनी हातातला पत्ता उलटा टाकला. लेक ऐकणारी नव्हतीच. तिनं गाडीतून दोर काढला, मागच्या अंगणात गेली. मामाला पुढच्या दाराशी स्टुलावर बसवलं, मागच्या दाराकडे पाठ करून. दोर त्याच्या हातात दिला आणि घरातून, स्वयंपाकघरातून, मागच्या दारातून अंगणाच्या टोकापर्यंत सोडला. म्हणाली, "ओळखा बघू कोण आहे ते. नाही ओळखलंत तर मी पुन्हा विचारणार नाही." मामानं दोर हातात धरला. छत्तीस वर्षांत मी त्याला असा बसलेला बघितला नव्हता. मान जराशी खाली, खांदे सैल. आई ओट्यापाशी भाजी निवडत होती. दोर तिच्या पायापासूनच गेला होता. तिनं पाय थोडा बाजूला घेतला, इतकंच.

आधी मी ओढला. पुढून मामाचा आवाज आला, "ही पोस्टातली. ओढायच्या आधी विचार करते." मग लेकीनं. "ही पाणबुडी. आणि हिचा डावा खांदा दुखतोय." लेकीनं माझ्याकडे डोळे विस्फारून बघितलं. खांदा दुखत होता, आणि तिनं ते घरात सांगितलं नव्हतं. बाबा एव्हाना कुबड्या टेकत मागे येऊन अंगणात खुर्चीवर बसले होते. मग तिनं दोराचं टोक त्यांच्या हातात दिलं. बाबांनी घेतलं, बराच वेळ नुसतं धरून ठेवलं, ओढलंच नाही. पुढून मामा म्हणाला, "भाऊजी, ओढा की. किती वेळ धरून बसाल?"

लेक टाळ्या पिटायला लागली. मला हसू येत होतं आणि रडूही. मग पोरीच्या डोक्यात आणखी एक आलं. "थांबा," ती दबक्या आवाजात म्हणाली. "प्रवाहाचं बघू या. शिकवताना हे लागेलच." तिनं झाडाच्या फांदीला पाण्यानं भरलेली बादली टांगली, दोराचं टोक तिला बांधलं, आणि बादलीला पायानं ढोसलं. एक, दोन, तीन, चार. दोराला चार हिसके बसले, चांगले सणसणीत, सारख्या अंतरानं.

पुढून उत्तर आलं नाही. लेकीनं पुन्हा चार हिसके दिले. मग मामा म्हणाला, आपल्याच नादात, शिकवायला बसल्यासारखा, "ह्या टोकाला माणूस नाही. चार बसले, पण माणसाचे नाहीत. माणूस ओढायच्या आधी दोरी जरा आवळतो, तेव्हाच तो हाताला कळतो. ओढणं मागून येतं. प्रवाह आवळत नाही, नुसता हिसकतो. यात चूक होतच नाही गं, नव्या माणसालाही महिन्याभरात..."

आणि तो थांबला.

मी लेकीकडे बघितलं. तिला अजून काही कळलं नव्हतं, ती बादली सोडत होती. मला कळलं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ज्याच्या बोटांना हे कळतं, त्याला बेचाळिसाव्या वर्षी कळलं नाही?

स्वयंपाकघरात विळी आडवी पडल्याचा आवाज झाला. आई मागच्या दारात आली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, लेकीकडे नाही. सरळ बाबांच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली.

"त्या दिवशी चार कुणी दिले?"

बाबांनी मान खाली घातली. मला वाटलं ते खिडकीबाहेर बघायचे तसं कुठेतरी बघतील. पण अंगणात खिडकी नव्हती.

"मी," बाबा म्हणाले.

"काय झालं होतं खाली?"

"काही नाही झालं." बाबांचा आवाज मला ओळखू येईना. "गाळ उठला, दिसेनासं झालं. ते तर रोजचंच. नळी मोकळी होती, हवा येत होती. मला एकाएकी भीती वाटली. का ते आजही सांगता येत नाही. बावीस वर्षांत वाटली नव्हती, त्या दिवशी वाटली. दिले चार. वर आलो तर कळलं, ह्यानं मुकादमाला सांगून टाकलंय, माझी चूक म्हणून. टोप काढायच्याही आधी. मी म्हटलं, घरी गेल्यावर बोलू. मग पाय गेले. मग लोक म्हणायला लागले, मोठ्या मनाचा माणूस. मग कसं बोलू? रोज म्हणायचो, रविवारी बोलतो. दर रविवारी हा समोर बसायचा."

एवढ्यात मामा भिंतीला धरत धरत मागच्या दाराशी आला होता. दोर त्यानं वाटेत गुंडाळून हातात घेतला होता, कामाची सवय. आई वळली. छत्तीस वर्षांत ती त्याच्याकडे अशी समोरासमोर बघत उभी राहिली नव्हती. दोघंही किती म्हातारी झाली होती!

"तुला कळलं होतं," ती म्हणाली. भिंतीला नाही, त्याला.

"हो."

"मग खोटं का बोललास?"

"ताई, भित्रा म्हणाले असते त्यांना. सबंध बंदर म्हणालं असतं. तुला ते सोसलं नसतं."

"लोक म्हणाले असते, तर मी लोकांशी भांडले असते," आई म्हणाली. तिचा आवाज चढला आणि मध्येच फाटला. "दारोदार जाऊन भांडले असते. तुला मीच टाकलं. आता मी कुणाशी भांडू?"

लेकीनं माझा दंड धरला होता. बाबा दोन्ही हातांनी कुबड्या चाचपत होते, उठायचं होतं बहुतेक, पण उठवत नव्हतं. मामा पायरीवर खाली बसला. गुंडाळलेला दोर मांडीवर ठेवला.

"मला वाटलं होतं, दोन-चार महिन्यांत बोलशील तू," तो म्हणाला.

आई गुडघ्यावर हात टेकत, थांबत थांबत, त्याच्या शेजारी पायरीवर बसली.

"मलाही तसंच वाटलं होतं," ती म्हणाली.